मंगळवारचा ब्रेक

"दाबा," ट्रकखालून इमामसाब म्हणाले.

वर केबिनमध्ये बसलेल्या गुरुबसप्पांनी, इमामसाबांच्या अप्पांनी, ब्रेकवर पाय दिला. मागच्या चाकाजवळची ब्रेकची दांडी बेताचीच बाहेर आली.

"सोडा."

ब्रेक आवळायच्या नटाला पाना लावायला इमामसाबांनी हात वर केला आणि तो तिथेच थांबला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, ओरखडे ताजे होते. इमामसाब आयुष्यभर रिंग पाना वापरत आले. रिंग नटाला सगळीकडून धरते, कोपरे खात नाही. हे काम उघड्या तोंडाच्या पान्याचं होतं. सरपटत ते दुसऱ्या चाकाशी गेले. तिथेही तेच.

अप्पा आपल्या माघारी दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात, हे पहिलं मनात आलं, आणि नवऱ्याचा संशय आलेल्या बायकोसारखे ते आतल्या आत धुमसू लागले.

धुमसणारच. विजापूर रोडवरच्या या गॅरेजात गुरुबसप्पांचा ट्रक सत्तावीस वर्षं दर मंगळवारी येत होता. मंद्रूपहून कांदा भरून पहाटे मार्केट यार्ड, माल उतरला की इथं. मागचे ड्रम ब्रेक आठवडाभरात ढिले पडत, ते आवळायला दोन माणसं लागत, एक खाली आणि एक वर. तेवढ्या वेळात दोघांचं जग बोलून व्हायचं. अप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं ते इमामसाबांनी ट्रकखाली उताणं पडूनच ऐकलं. इमामसाबांची बायको हुस्ना गेली त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी "दाबा" म्हटल्यावर इमामसाबांना पुढं "सोडा" म्हणताच आलं नाही. खाली रडू कोसळलं होतं. वर अप्पा ब्रेक दाबून तसेच बसून राहिले, पायाला मुंग्या आल्या तरी. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

इमामसाब बाहेर आले. हात पुसता पुसता म्हणाले, "अप्पा, गाडी कुटं दाखवली?"

"कुटं न्हाय की."

"मंग नट कुनी खाल्ला?"

अप्पा उतरले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला वेळ लागतो.

"मीच," ते म्हणाले. "जाताना वडकबाळच्या पुलाअलीकडं थांबतो. जरा आवळून घेतो."

"कवापासनं?"

"झालं की वरीस. डाव्या चाकाचा ब्रेक ढिला ऱ्हायचा. एकदा उतारावर गाडी उजवीकडं लई वढली."

"आन् मला सांगितलं न्हाय?"

"काय सांगू मिस्त्री? तुमी एवढ्या जिवानं करता. वर च्या पाजता."

इमामसाब आपल्या बोटांकडे बघत राहिले. साखरेच्या दुखण्यानं ती दोन वर्षांपासून बधिर झाली होती. चहाचा ग्लास गरम आहे की गार, तेही कळत नसे. पण पाना किती फिरवायचा हे हाताला पाठ आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. दहा टन कांदा, पुलाचा उतार, आणि आपण ढिला सोडलेला ब्रेक.

"ऑटो बसवू," ते म्हणाले.

आपोआप आवळले जाणारे ते नवे भाग बाजारात येऊन जमाना झाला होता. 'आळशी माणसाचा ब्रेक' म्हणून इमामसाबांनी त्यांना जन्मभर नावं ठेवली होती. अप्पांनाही ते ठाऊक होतं.

"नको. हाय ते बरं हाय."

"पुलापाशी थांबायला नको, ट्रकखाली शिरायला नको. तुमचं बी वय झालं."

"आन् मंगळवारी?"

"मंगळवारी यायचं काम न्हाय. तीन म्हैन्यानं लायनर बघायला यायचं."

"तीन म्हैने," अप्पा म्हणाले. "आपल्या वयाला लई झाले की."

इमामसाबांनी स्कूटर काढली आणि जाऊन दोन नग आणि ब्रेकचे नवे लायनर घेऊन आले. चाकं उतरवली, ड्रम साफ केले, जुने झिजलेले लायनर काढून नवे बसवले, ऑटोही चढवले. दुपार टळली. सगळं जुळल्यावर त्यांनी पलीकडच्या गॅरेजातल्या विरुपाक्षाला हाक मारली. विरुपाक्ष पन्नाशीचा, शेजारी येऊन वीस वर्षं झालेली. पण इमामसाबांनी आपल्या कामाला त्याचा हात कधी लागू दिला नव्हता.

"विरुपाक्ष, जरा चाक फिरवून बघ. माझ्या हाताला कळत न्हाय."

विरुपाक्ष वाकला, दोन्ही चाकं फिरवून बघितली, अप्पांना ब्रेक दाबायला लावून दांड्या बघितल्या, हातानं चाचपल्या.

"सारखं हाय, चाचा. दोन्हीकडं येकदम सारखं."

इमामसाबांनी मान हलवली.

अप्पा वर केबिनमध्येच होते. इंजिन सुरू झालं. या जुन्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, टाकीत हवा भरल्याशिवाय निघता येत नाही. पाचेक मिनिटं जातात. टाकी भरली की वाल्व फुस्स करून जास्तीची हवा सोडतो. इमामसाब दाराला हात लावून खाली उभे राहिले. अप्पांनी पुढच्या काचेवरची धूळ पुसली. मग आतून पुन्हा पुसली.

वाल्व बोलला.

"भरली का?" इमामसाबांनी विचारलं.

"न्हाय अजून," अप्पा म्हणाले.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. विरुपाक्ष आपल्या गॅरेजात परत गेला होता. थोड्या वेळानं वाल्व पुन्हा बोलला, आणि मग आणखी एकदा. अप्पांनी गिअरला हात लावला नाही. इमामसाबांनी दारावरचा हात काढला नाही.