पोपटच्या शेडमधल्या दोन चासी

पोपटने शटर वर ढकललं आणि धम्मदीप ओव्हाळला क्षणभर वाटलं, आपण भलत्याच शेडमध्ये आलोय.

आदल्या दिवशी त्याने इथे आपल्या जुन्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणून टाकली होती. काळी, डांबर माखलेली, हात लावला तर गंजाचे पापुद्रे पडणारी. आज तिथे लाकडी ठोकळ्यांवर दोन चासी शेजारीशेजारी होत्या. दोन्ही राखाडी, दोन्ही स्वच्छ, कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारख्या.

"यातली माझी कुठली?" त्याने विचारलं.

"त्येच तुमास्नी इचारायचं व्हतं," पोपट म्हणाला.

धायरीतल्या या शेडमध्ये पोपट लोखंडावर हवेच्या जोराने खर, म्हणजे धारदार बारीक कण, मारायचा. रंग, डांबर, गंज, सगळं उडून खालचं पोलाद उघडं पडायचं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात आणखी एक हेरल्ड त्याच्याकडे आली. दोन्ही चासींना त्याने तारेने पत्र्याचे बिल्ले बांधले होते. खरेच्या माऱ्यात बिल्ले उडाले, आणि साखळीने उलटंपालटं करताना चासींच्या जागाही बदलल्या. गाडीचा नंबर कोरलेली पट्टी वरच्या बॉडीवर असते, चासीवर नसते. ती बघायचीही सोय नव्हती.

"आम्ही नऊपासून इथेच आहोत," मागून आवाज आला. "आपणच दुसरे पीडित का?"

स्टुलावर एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, मांडीवर दुमडलेलं वर्तमानपत्र. रावसाहेब जगदाळे, निवृत्त सरकारी अधिकारी. दुसरी हेरल्ड त्यांची. लग्नानंतर घेतलेली, आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती न दिलेली.

"मग तुम्ही ओळखली असेल," धम्मदीप म्हणाला.

"ओळखली असती तर इथे स्टुलावर पेपर वाचत बसलो असतो का?"

धम्मदीपने फोन काढला. चासीचे फोटो त्याच्याकडे ढिगाने होते. पण फोटोत दिसत होतं ते नुसतं डांबर. ज्या खुणा त्याला पाठ होत्या, तो डाव्या बाजूचा पोपडा, तो मधला चिकट थर, त्या सगळ्या काल खरेबरोबर उडून जमिनीवर पडल्या होत्या आणि सकाळी झाडूने कोपऱ्यात गेल्या होत्या. एवढे महिने आपण चासी बघत होतो की तिच्यावरची घाण, हेच त्याला कळेना.

दोघे वाकून दोन्ही चासी बघू लागले. फरक एकच सापडला. भिंतीकडची चासी धडधाकट होती. दारातल्या चासीच्या मागच्या आडव्या दांड्याला गंजाने भोकं पडली होती. बोट आत जाईल एवढी. म्हणजे तो तुकडा कापायचा, नवा पत्रा वळवून वेल्ड करायचा, घासायचा. बरंच काम होतं.

भिंतीकडची आपली असावी असं धम्मदीपला मनापासून वाटलं. वाटलं म्हणूनच त्याला स्वतःचा भरवसा वाटेना.

"सडकी आमची," रावसाहेब सरळ होत म्हणाले.

"कशावरून?"

"दर मे महिन्यात गुहागर. समुद्राकाठी गाडी उभी करून आम्ही माडाखाली झोपायचो. खारी हवा कुणाला सोडते?"

धम्मदीपने मान हलवली खरी, पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "नाही, ती माझी असणार. मी वारज्याच्या एका मोकळ्या प्लॉटवरून उचलली. किती पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती, देव जाणे. पाणी मागेच साचायचं."

"म्हणजे चांगली आमची म्हणता? मेहेरबानी करताय?"

"मेहेरबानी कसली? तुम्ही गाडी जपलीत, म्हणून म्हणालो."

"जपली आम्ही वरून. रोज पुसायचो. खाली वाकून कोण बघतंय?" रावसाहेबांनी चासीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "एवढी वर्षं चालवली हो. आणि समोर ठेवली तर ओळखता येत नाही."

धम्मदीपने पुन्हा भोकात बोट घालून पाहिलं. म्हातारा खरंच सडकी मागतोय, की समोरचा किती पाण्यात आहे ते बघतोय? आणि आपण तरी चांगली का नको म्हणालो? त्याच्यापाशी या गाडीची एकही आठवण नव्हती. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून कंटाळा आला, हाताने काहीतरी करावंसं वाटलं, म्हणून घेतली होती. मग कुठलीही चालायला हवी होती. पण चालत नव्हती.

"तुमचं चालू द्या," पोपट मध्येच म्हणाला, "पन हिकडं बघा."

त्याने दारातल्या चासीच्या कडेवर बोट दाखवलं. राखाडी पोलादावर फिकट नारिंगी झाक चढू लागली होती. श्रावणातली दमट हवा, त्यात उघडं लोखंड. भिंतीकडच्या चासीवरही कुणाच्या तरी घामट बोटांचे ठसे पिवळे उमटले होते.

"दुपारपातूर प्रायमर न्हाय बसला, तर म्या मारलेली खर पान्यात. परत पयल्यापासनं."

"कुठल्या चासीला मारायचा?" धम्मदीपने विचारलं, आणि प्रश्न किती खुळा आहे ते त्याचं त्यालाच कळलं.

"दोघींना," रावसाहेब म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागले.

पोपटने दोघांना हातमोजे दिले. आधी पाइपने हवा मारून पोकळ भागात अडकलेली खर बाहेर काढली. जिथे नारिंगी झाक होती तिथे तारेचा ब्रश फिरवला. मग धम्मदीप थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसत पुढे आणि पोपट कोरड्या फडक्याने मागे. प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, दोन डब्यांतला, मिसळला की थांबायचं नाही. रावसाहेबांनी तो ढवळायचं काम घेतलं आणि फायलीवर शेरा मारावा तशा गंभीरपणे ढवळला. आधी ब्रशने कडा आणि वेल्डिंगचे सांधे, कारण गंज तिथूनच शिरतो. बाकीचं मग पोपट स्प्रे गनने मारणार होता.

"तुम्ही कुठली घेताय?" रावसाहेबांनी ब्रश बुडवत विचारलं.

"जी जवळ आहे ती."

काही वेळाने धम्मदीपच्या लक्षात आलं, आपण सडकीच्या भोकांभोवती इतकं निगुतीने रंगवतोय, जशी काही ती आपलीच. मग वाटलं, ही रावसाहेबांची असली तर? म्हणून त्याने हात सैल केला. मग सैल केल्याची लाज वाटली आणि पुन्हा नीट रंगवू लागला.

पुढच्या रविवारी रावसाहेबांनी टेम्पोतून आपल्या गाडीची बॉडी आणली. ती दोन्ही चासींवर बसवून बघायची, जिच्यावर बोल्टची भोकं जुळतील ती त्यांची, असं ठरलं होतं. सोबत त्यांच्या पत्नी गोदाबाई होत्या.

"बघा बरं, आपली कुठली?" रावसाहेबांनी त्यांना विचारलं.

"अहो, मी जन्मात कधी गाडीखाली गेले नाही," गोदाबाई म्हणाल्या. "मला सीट दाखवा, मग सांगते."

बॉडी भिंतीकडच्या चासीवर बसली. सगळे बोल्ट गेले, फक्त एका भोकात कानस फिरवावी लागली. दारातल्या चासीवरही बसली. तिथे दोन भोकं कानसावी लागली. धम्मदीपला वाटलं होतं, आज काहीतरी ठरेल.

"एका भोकावरून निकाल देता येत नाही," रावसाहेब म्हणाले. नोकरीत असे पुष्कळ कागद त्यांनी परत पाठवले असतील.

"मग काय करायचं?"

"तुम्ही सांगा. आम्हाला आता आमचंच खरं वाटेनासं झालंय."

धम्मदीपने गोदाबाईंकडे पाहिलं. त्या सावलीत उभ्या राहून पदराने वारा घेत होत्या.

"चांगली तुम्ही न्या," तो म्हणाला. "मेहेरबानी नाही. तुम्हाला दोघांना तिच्यात बसून लांब जायचंय. मला आधी वेल्डिंग शिकायचंय."

रावसाहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. हे उत्तर पटलं की सललं, ते चेहऱ्यावरून कळेना. शेवटी त्यांनी मान डोलावली, पोपटला बॉडी उचलून भिंतीकडच्या चासीवर ठेवायला सांगितलं, आणि जाताजाता सडक्या चासीपाशी थांबून तिच्या पुढच्या टोकावर हात ठेवला.

"हिची काळजी घ्या," ते म्हणाले. एवढंच.

दिवाळीच्या सुमारास पत्रा जोडून झाला. सांधे घासून पुन्हा प्रायमर, वर काळा रंग, आणि आतून गंज धरू नये म्हणून पोकळ भागात पातळ मेण फवारलेलं. धम्मदीपच्या गाडीची बॉडी बसवायच्या दिवशी त्याची बायको पायलही आली होती. कपाळावर आठी घालून ती चासीभोवती एक फेरी मारून आली.

"म्हणजे ही आपली नाहीच?" तिने विचारलं.

"असेलही."

"आणि त्यांची?"

"असेलही."

पायल मागे सरली. पोपटने साखळी सैल केली, बॉडी खाली आली. बोल्ट एकेक करून आत गेले. शेवटचा अडकला. धम्मदीप कानस शोधू लागला तेवढ्यात पोपटने हातोडीचा एक ठोका दिला आणि तो सपकन आत गेला.

"बसला," पोपट म्हणाला.

धम्मदीप खाली वाकून बघत राहिला. मग त्याने पाना घेतला आणि नट आवळायला सुरुवात केली.