फोटोत काय दिसतं

"वेबसाइट पाडायचं कोणत्या महिन्यात शिकवता?" लखन आडेने विचारलं.

आभा मॅडमनी हातातला मार्कर खाली ठेवला. पुसदच्या त्या कॉम्प्युटर क्लासात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "पाडायचं सिलॅबसमध्ये नाही. आधी उभारायचं शिकतात."

"मंग उभारतो. पाडाले काई तरी तं पायजेच."

लखनला दिसत नव्हतं. बोंडअळीच्या सालात तो लोकांच्या कपाशीवर रोजाने फवारणी करायचा. मधुसूदनशेठने आपल्या दुकानातली दोन औषधं एका पंपात मिसळून मारायला सांगितली. संध्याकाळी लखन डोळ्यांची आग घेऊन दुकानात गेला, तेव्हा शेठ दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे पाहत म्हणाले, "पाण्यानं धू. होते बरे." लखनने धुतले. आग गेली, आणि जाताना उजेडही सोबत घेऊन गेली.

पुढे शेठ लखनला पाहायला दवाखान्यात आले. सोबत फळांची टोपली आणि फोटोग्राफर. तो फोटो दुकानाच्या वेबसाइटवर चढला. तांड्यातल्या शेळ्या सोडल्या तर सगळ्यांनी तो पाहिला. राहिला एकटा लखन, जो त्यात होता.

मोबाइल त्याला ते पान वाचून दाखवायचा. शेठचं नाव, शेठचा सन्मान, शेठची शेतकऱ्यांवरची माया, आणि मग एकदम, "इमेज सत्तेचाळीस." म्हणजे लखन.

त्याने तांड्यातल्या फकिराला विचारलं, "काय दिसते बे फोटोत?"

"शेठचं पोटच आलं सारं. तू कोपऱ्यात हायेस, ताटातल्या लोणच्यावाणी."

बायकोला, वर्षाला विचारलं. "चांगले दिसून राह्यले तुमी," ती म्हणाली. "शेठ क्यामेऱ्याकडं हासून राह्यले, तुमचं तोंड तेवढं भिंतीकडं. पण दोन्ही हातानं टोपली धरून हाये."

हेच लखनला डाचत होतं. डोळे घेणाऱ्याच्या हातून आपण सफरचंदं घेतली. त्याला आठवत नव्हतं. पण फोटो थोडाच खोटं बोलणार. तेव्हापासून घरात सफरचंद आलं की तो उठून बाहेर जाऊन बसायचा. ते पान मोडल्याशिवाय आपल्या घशाखाली सफरचंद उतरायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं आणि क्लास लावला.

क्लासातला कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर बाईच्या आवाजात बोलून दाखवायचा. दिवसभर ती बाई लखनच्या कानात कुजबुजायची, आणि मागच्या बाकावर बसून वर्षा तिला सवत म्हणायची. मॅडमचे नियम सोपे होते. मथळ्याला मथळाच म्हणायचं, नुसती अक्षरं जाड करून भागवायचं नाही. प्रत्येक फोटोला शब्द द्यायचे, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येईल. "पण दिसतं तेवढंच लिहायचं. मनातलं नाही." हे सगळं एचटीएमएल. रंग-रूपाचा कारभार वेगळ्या फाइलीत, ते सीएसएस. नवरीचा नखरा नवरीपासून वेगळा ठेवावा तसा.

आणि मग देवाने पहिल्यांदाच लखनकडे नीट लक्ष दिलं. शेठचा वेबसाइटवाला पोरगा काम सोडून पुण्याला गेला आणि पान सुधारण्याचं काम मॅडमकडे आलं. मॅडमना मागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी ते सरावासाठी लखनला दिलं. मांजराला दुधाच्या राखणीला बसवतात, तसं.

लखनने पान इतकं नेटकं केलं की शेठचा सन्मानसुद्धा खरा वाटावा. शेवटी सीएसएसच्या फाइलीत एकच ओळ घातली: पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. ऐकणाऱ्याला सगळं ऐकू येत होतं. पाहणाऱ्याला मात्र कोरं पान. नाव, सन्मान, माया, सगळं धुतलं गेलं. पानावर उरला फक्त तो फोटो.

दोन दिवसांत शेठ जिना चढून आले. "मॅडम, पान कोरं हाये. कंपनीच्या साहेबाले दाखवाले गेलो तं निस्ता फोटो. साहेब म्हने, हा माणूस कोण? आता मले काय नावं पाठ हायेत? तोंडात आलं ते नाव ठोकून देल्लं, उकंडा."

"मले तं बराबर ऐकू येते, शेठ," खुर्चीतून लखन म्हणाला. "तुमच्याच डोयात काई गेलं असन. पाण्यानं धुवा. होते बरे."

शेठ वळले. समोर इमेज सत्तेचाळीस बसली होती.

मॅडमनी पडद्यावरची ओळ वाचली. "आडे, तो रंग काढा. दिसणाऱ्यांनाही वाचता आलं पाहिजे. तीही माणसंच असतात."

"असन," म्हणत लखनने ओळ काढली. अक्षरं परत आली. मग त्याने हेडफोनची वायरही काढली. बाई सगळ्या क्लाससमोर सपाट आवाजात म्हणाली, "फोटो. मधुसूदनशेठ कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. खाटेवर लखन आडे. आंधळा. तोंड भिंतीकडे. दोन्ही हातांनी टोपली धरली आहे."

"आंधळा काढ," शेठ म्हणाले. "भितबी काढ. टोपली राहू दे, ते चांगलं हाये. लिह्य, लाभार्थी टोपली स्वीकारताना."

"नाई स्वीकारली," मागून वर्षा म्हणाली. "यायनं हात पुढं केले, तं टोपली बाजूच्या खाटीकडं निंगाली. चार खाटा होत्या अन् टोपली एकच आणलती. फोटोतबी तसंच हाये. पाहा ना."

मॅडम वाकल्या. "खरंय. हात आणि टोपलीच्या मधे वीतभर जागा आहे."

लखनने खुर्ची मागे वळवली. "मंग मले काहून सांगतलं नाई?"

"वाटलं, डोये तं गेलेच," वर्षा म्हणाली. "फळं तरी भेटले असं वाटू द्यावं."

"तो फोटोच काढून टाक," शेठ म्हणाले.

"काढतो ना. पण मंग तुमी फळं वाटले, हे कोण मानन?"

शेठ माया तिथंच टाकून दाराकडे निघाले.

लखनने जुनं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. दिसतं तेवढंच. मग बाईला वाचायला लावलं.

"टोपली शेठच्या हातात," बाई म्हणाली. "लखन आडेचे दोन्ही हात पुढे. रिकामे."

इतका गोड शब्द ती आजवर बोलली नव्हती. लखनने तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं आणि आवाज वाढवला. शेठ अजून जिन्यातच होते.