बाभळीवरची दोघं

“बोल ना, कवडूभाऊ! लाजून काऊन राह्यला? पोरगी पाह्याले नाई आनलं तुले!”

सरपंच प्रभाकररावांनी माइक पुढे धरला आणि शाळेच्या पटांगणात हशा पिकला. झेंडावंदन आटोपले होते. कवडू ढिवराच्या खांद्यावर नवी शाल होती. हातातला नारळ कुठे ठेवावा हे त्याला उमजत नव्हते. एरवी या गावात त्याला मासळीपुरती हाक पडे. पूर आला म्हणजे मात्र साऱ्यांना त्याचा डोंगा आठवे.

समोरच्या खुर्चीत आनंदाबाई ताठ बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून रूपाली आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची नात, मोनाली.

“आगस्टच्या पुरात ह्या मायलेकाईले काढाले तूच गेलता. आपला योगेंद्र शेवटी काय म्हने, सांग. त्याच्या पोरीले कळू दे.”

ते कवडूने पाच महिन्यांत कोणालाही सांगितले नव्हते.

शेतातून परतताना आनंदाबाई आणि त्यांचा एकुलता एक लेक नाल्याच्या लोंढ्यात सापडले आणि एका बाभळीला धरून राहिले. कवडूचा डोंगा एवढासा. त्या ओढीत वल्हवणारा आणि आणखी एक. तिसरा चढला तर तिघांनाही जलसमाधी. बाप तानबाने शिकवलेला नेम एकच होता: बुडणाऱ्याच्या ओरडण्याकडे लक्ष देऊ नये, मुठीकडे पाहावे; ज्याची मूठ आधी सुटणार, तो आधी डोंग्यात. म्हातारीची बोटे फांदीवरून एकेक उकलत होती. योगेंद्रची पकड लोखंडासारखी होती.

“काका, मले घे! मले लेकरू हाये, काका! बुढीचं झालं आता, मले घे!”

पुरात बुडणाऱ्याच्या तोंडचे शब्द काठावर कोरड्या बसलेल्यांनी तोलू नयेत. पण गाव तोलते, आणि तोललेले पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही.

कवडूने म्हातारीला ओढून घेतले. “दम धर, आलोच!” म्हणून तो ओरडला. तिला काठावर उतरवून वळला, तेव्हा तिथे नुसते गढूळ पाणी होते. बाभूळ मुळासकट गेली होती. तिसऱ्या दिवशी योगेंद्र सापडला, तोही फांदी कवटाळूनच.

“बोल ना गा!” प्रभाकररावांनी टोकले.

मोनाली मांडीवरून उतरून उभी राहिली होती.

“म्हने...” कवडूने तिच्याकडे पाहिले. “म्हने, काका, आधी मायले ने. मी हाओ धरून.”

रूपालीने पदर तोंडाशी नेला. प्रभाकरराव आनंदाबाईंकडे वळले. “काकू, तुमी तं जवळच होत्या. आयकलं ना तुमी?”

आनंदाबाई उठल्या. सत्तरी उलटली तरी त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी कवडूकडे इतका वेळ पाहिले की त्याची मान आपोआप खाली गेली.

“हो,” त्या म्हणाल्या. “असंच म्हने माहा योगेंद्र.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गजरात आनंदाबाई व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढून कवडूपाशी आल्या.

“खोटं बोलला तू. पोरीसाठी बोलला, बरं केलं.”

“काकू, तुमचे हात सुटत होते. मी पाह्यलं ना...”

“काय पाह्यलं? जल्मभर खुरपं धरून निंदन केलं ह्या हाताईनं, थकनार होते काय ते? मी सोडून देत होती, कवडू. त्याले जागा व्हावी म्हनून. आनखी एक बोट राह्यलं होतं.”

कवडूची नजर त्यांच्या हातांकडे गेली.

“माह्या अंगनात पाय ठेवजो नोको,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून खाली उतरल्या.

सारे थांबले तरी मोनाली एकटीच टाळ्या वाजवत होती. आनंदाबाई तिच्याशेजारी ताठ बसल्या. त्यांनी तिला थांबवले नाही.