शेठच्या आईचं ऑपरेशन

शेठनी आमच्या हॉस्पिटलला नवंकोरं ऑपरेशन थिएटर करून दिलं, तेव्हा सगळ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला नाही. मी थिएटरची सिस्टर. फुकट आलेल्या वस्तूची मला धास्तीच वाटते. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी दिव्याचा दांडा नखाने खरवडूनही पाहिला. रंग निघाला नाही, तरी माझं समाधान होईना.

मग कळलं, शेठच्या आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे आणि शेठ तिला दुसऱ्या शहरात नेतायत. म्हणजे मशिनांत काहीतरी खोट असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ऑपरेशनसाठी आमच्या नव्या टेबलावर माझा नवरा असणार होता.

तो मात्र वॉर्डात खुशाल पेपर वाचत पडला होता. "तू ना, देवावरही संशय घेशील," म्हणाला.

"देव मशिनं वाटत फिरत नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी शेठ थिएटर बघायला आले. मी त्यांना दारातच गाठलं. "शेठ, खरं सांगा, मशिनं जुनी आहेत का?"

"छे! सगळं नवं आहे, सिस्टर."

"मग आईंना बाहेर का नेताय?"

ते ओशाळले. हळूच म्हणाले, "मशिनची भीती नाही हो. तुमचे डॉक्टर आईला तपासत होते आणि सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. कापताना त्यांच्या डोक्यात मी नको. तिकडे मला कुत्रं विचारत नाही."

संशय शेठवरून उठला आणि थेट आमच्या डॉक्टरांवर जाऊन बसला. ते मला ताई म्हणतात, नवऱ्याला भावोजी. आणि उद्या हत्यारं द्यायला त्यांच्या शेजारी मीच उभी राहणार होते, हट्टाने. दुसऱ्या कुणावर माझा भरवसाच नव्हता.

सकाळी डॉक्टर हात धूत होते. मी म्हटलं, "आज माझ्या जागी धाकटी सिस्टर उभी राहील. मी बाहेर थांबते."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी एक मोठा श्वास सोडला. "बरं झालं, ताई. तुम्हाला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना मी इतकी वर्षं येता-जाता सांगत आले, काळजी करू नका. आज त्यांच्यातलीच एक सरकली आणि मला जागा करून दिली. ती काही बोलली नाही, याबद्दल मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.