दोन्हीकडचा चहा

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. अंघोळीचा नव्हे, चहाचा. पत्र्याचे पोट, पुढे एक तोटी आणि खाली विजेची कळ, एवढेच माझे शरीर. माझ्यासारख्याने आपले चरित्र सांगावे का, अशी शंका मला येतेच. पण मी जे ऐकले ते फार थोड्यांनी ऐकले आहे, म्हणून सांगतो.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून जहाजाने मी उत्तर आयर्लंडला आलो आणि ड्रमकार्न गावच्या गुरांच्या बाजारात, उपाहारगृहाच्या कट्ट्यावर बसलो. या गावात कॅथलिकांची शाळा वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी. खाटीक वेगळा, पाववाला वेगळा. गाय मात्र कोणाचीही असो, बाजार एकच. थंडीने काकडलेली माणसे दोन्ही हातांत कप धरून म्हणत, "असा कडक चहा घरी मिळत नाही बुवा!" ते ऐकून मला फार बरे वाटे. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

उपाहारगृह चालवी डिम्पना मॅकअलीर. ती कॅथलिक. तिची मुलगी ब्रोना वयाने मोठी झाली होती, पण तिला उठवावे लागे, भरवावे लागे, रात्री कूस बदलून द्यावी लागे. गावात सरकारचे एक घर होते. अशा मुलांना महिन्यातून काही रात्री तिथे ठेवता येई. त्या रात्री डिम्पना झोपून घेई. लिलाव पुकारणारा वेस्ली क्रोझियर प्रॉटेस्टंट. त्याचा मुलगा गॅरेथही तिथेच जाई.

मग छप्पर गळू लागले म्हणून ते घर बंद केले गेले. त्याच सुमारास राजधानीत दोन मोठ्या पक्षांचे बिनसले आणि सरकारच कोसळले. मंत्री नाही म्हणून सही नाही, सही नाही म्हणून छप्पर नाही. हिवाळ्यामागून हिवाळे गेले. डिम्पना उभ्या उभ्या पेंगू लागली. एकदा कप भरून वाहू लागला तरी तिला कळले नाही.

"डिम्पना, अगं हात भाजेल!" वेस्ली ओरडला.

"भाजू दे. निदान जाग तरी येईल."

घर पुन्हा उघडावे म्हणून त्या दोघांनी मिळून सभा बोलावली. दोन्हीकडचे लोक बाजारात जमले. नेमकी त्या दिवशी माझी तोटी ठिबकत होती. वेस्लीने गाडीतला एक टॉवेल आणून माझ्या गळ्यात बांधला. त्यावर राणीचे चित्र होते आणि खाली तिच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष. राणी म्हणजे प्रॉटेस्टंटांचा मान आणि कॅथलिकांच्या डोळ्यातले कुसळ, हे बिचाऱ्याच्या ध्यानातही आले नाही.

"काय वेस्ली, चहाआधी राणीला मुजरा करायचा का?" मागून एक कॅथलिक शेतकरी म्हणाला.

"अरे, फडकं आहे ते!"

"फडकं?" आता वेस्लीचीच माणसे उठली. "राणीला फडकं म्हणतोस?"

बघता बघता दोन्ही बाजूंनी बाजार रिकामा झाला. मी एकटा उकळत राहिलो.

मग दोन सभा ठरल्या, एकाच दिवशी, दोन वेगळ्या हॉलांत. मोठा बंब गावात मी एकटाच, म्हणून वेस्लीच्या गाडीतून मला दोन्हीकडे नेले आणि माझ्याबरोबर डिम्पनालाही. दुपारी प्रॉटेस्टंटांच्या हॉलमध्ये, ते घर ज्या सरकारी खात्याकडे होते त्या खात्याचे प्रेंटिस साहेब म्हणाले, "माझी तयारी आहे हो. पण तिकडच्यांचा विरोध आहे. त्यांना घर आपल्या वस्तीत हवंय."

लोकांनी माना डोलावल्या. "वाटलंच होतं!"

चहा देणाऱ्या बाईकडे साहेबांनी पाहिले नाही. संध्याकाळी कॅथलिकांच्या हॉलमध्ये तेच साहेब उभे राहिले. "माझी तयारी आहे हो. पण तिकडच्यांचा विरोध आहे. त्यांना घर आपल्या वस्तीत हवंय."

इथेही लोक म्हणाले, "वाटलंच होतं!"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी बोललो असतो. मला आहे ती तोटी. डिम्पनाने ती बंद केली.

"साहेब, साखर किती?"

"एक चमचा."

"दुपारी तिकडे दोन घेतलेत. बोलणं मात्र तेच होतं, शब्दाला शब्द."

मग कोणीतरी कुजकटपणे विचारले, "तू तिकडे गेली होतीस?"

"हो, गेले होते. चहा ओतला आणि कान उघडे ठेवले. मंगळवारी सगळे बाजारात या. साहेब, तुम्हीही या."

"मी बघतो."

"बघू नका. या."

वेस्ली बाहेर गाडीतच बसून होता. कॅथलिकांच्या हॉलमध्ये तो कधी शिरला नव्हता. डिम्पनाने त्याला सगळे सांगितले.

"दुपारी मीपण मान डोलावली गं," तो म्हणाला.

मंगळवारी लोक आले आणि नेहमीप्रमाणे आपापल्या बाजूच्या पायऱ्यांवर बसले. ज्या रिंगणात गुरे फिरवतात तिथे, भुशात, साहेब उभे होते.

"फिरवा जरा, लंगडतोय का बघू!" एका बाजूने आवाज आला.

"आधी दात बघा रे!" दुसरीकडून उत्तर आले. दोन्ही बाजू एकदम हसल्या. असे हसणे मी फार दिवसांत ऐकले नव्हते.

वेस्ली लिलावाच्या मचाणावर चढला. "घर जुन्याच जागी उघडायला कोणाचा विरोध असेल त्यानं बोट वर करावं."

इथल्या लिलावात नाक खाजवले तरी ती बोली समजून गाय गळ्यात पडते. निश्चल बसणे या माणसांना कोणी शिकवायला नको. दोन्ही बाजूंची पापणीही हलली नाही.

"मग अडलंय कोणाचं, साहेब?" डिम्पनाने विचारले.

"छपराला मंत्र्याची सही लागत नाही," साहेब हळूच म्हणाले. "माझी चालते. पण मी कोणाची तरी बाजू घेतली, असं उद्या म्हणाल..."

वेस्लीने हातोडा आपटला.

सही झाली, छप्पर दुरुस्त झाले आणि घर उघडले. महिन्याच्या रात्री मात्र पूर्वीपेक्षा कमीच मिळाल्या. गाव काही एक झाले नाही. राजधानीतले भांडणही मिटले नाही. ब्रोना तिकडे राहिली त्या पहिल्या रात्री डिम्पना जागीच होती. लेकीचा श्वास ऐकू येईना, म्हणून झोप लागेना, असे तिने वेस्लीला सांगितले.

माझ्या पोटात आता पाण्यातल्या चुन्याचा जाड थर बसला आहे. तो खरवडायला हवा असे दोन्हीकडचे लोक म्हणतात आणि एकमेकांकडे बघतात. माझी तक्रार नाही. मीही थकलो आहे.

ब्रोना दुसऱ्यांदा तिकडे राहायला गेली, त्या मंगळवारी बाजार भरला तरी उपाहारगृह उघडलेच नाही. मी थंडगार बसून होतो. बाहेर दोन्हीकडचे लोक हात चोळत उभे होते. डिम्पनाचे घर हाकेच्या अंतरावर आहे, पण तिची झोप मोडू नये म्हणून कोणी हाक मारली नाही. चहाशिवायच गाई विकल्या गेल्या.

मित्रांनो, सगळ्यांची वस्तू मोडली, तर ती कोणाची यावर वाद घालत बसू नका. आधी ती दुरुस्त करून घ्या. आणि ज्या बाईने ती दुरुस्त करायला लावली, तिला झोपू द्या.