दोघी आणि एक लांब कापड

आतेबहीण अंबुजाच्या पत्राला कृष्णाजींनी सात आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र होतं जेमतेम पाच ओळींचं. ‘वेलचेरीचं घर विकलं. पंधरा जूनला लेकीकडे अंबत्तूरला जाते. अप्पांच्या जेवणघरातलं जपानी चित्र लेक रद्दीत घालू म्हणते. तू लायब्ररीत जन्म काढलास. फोटो पाठवलाय, चित्रात काय चाललंय तेवढं कळव, म्हणजे तिला गप्प करते.’

फोन करता आला असता, पण कृष्णाजी फोनला पत्राहून जास्त भीत. त्यांनी अकरा मसुदे करून फाडले. चित्रात दोन बायका एका लांब कापडाची टोकं धरून उभ्या होत्या, मागे मांजर. बाराव्या मसुद्यात कापड म्हणजे ताटातूट झाली आणि मांजर म्हणजे नियती.

जूनच्या दहा तारखेला तो कागद बायकोच्या, सकवारबाईच्या, हाती लागला.

“मांजर नियती?”

“तसं एक मत असू शकतं.”

“कुणाचं? मांजराचं?” तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. “अहो, कंजी घातलेलं लुगडं ताणताहेत त्या! ओलं असताना ताणलं नाही तर सुरकुत्या राहतात. पन्नास वर्षं मी गच्चीवर काय करते?”

“वाळत घालतेस ना?”

“नऊ वार, एकटी? शेजारची कीर्तना टोक धरते म्हणून निभतं. आज तुम्ही चला.”

भाताच्या पेजेच्या कंजीतून काढलेल्या लुगड्याचं टोक तिने त्यांच्या हातात कोंबलं. “ओढा! पोथी धरल्यासारखं नको.” त्यांनी जीव खाऊन ओढलं. तिने ओठ दाबले आणि टोक सोडलं. कृष्णाजी थेट कंजीच्या घमेल्यात बसले.

घमेल्यातूनच त्यांनी फोटो मागितला. डावीकडच्या बाईचे ओठ तसेच दाबलेले होते. याला त्यांनी ‘अव्यक्त दुःख’ म्हटलं होतं. तिची बोटंही सैल होती.

त्यांनी तिथेच नवा कागद घेतला. ‘अंबुजा, दोघी कंजीचं कापड ताणताहेत. डावीकडची मुद्दाम सोडणार, उजवीकडची पडणार. चित्र ठेव. उशीर झाला, माफ कर.’

“‘बहुधा’ घालू का?”

“घाला. मग पुन्हा ओढायला या.”

‘बहुधा’ घातलाच नाही. कमरेची ओली वेष्टी न बदलताच कृष्णाजी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले आणि मन पालटायच्या आत पाकीट आत ढकलून मोकळे झाले.