भिंगरीला वळण नाही

रविवारी सकाळी भाऊजींनी चहाचा कप आपटला. "वहिनी, पोरीला वळण म्हणून नाही! सतरा वर्षांची घोडी अर्ध्या चड्डीत चेंडूमागे धावते आणि उद्या पाहुणे तिचं लग्न ठरवायला येतायत!"

भिंगरीच्या आईने मान खाली घातली. नवरा गेल्यापासून मायलेकी या दिराच्या घरात राहत होत्या. ती ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर राबायची, तरी दिराने आसरा दिला हे तिला दिवसातून चारदा ऐकावं लागे. असे उपकारकर्ते गल्लोगल्ली असतात मेले!

त्या दिवशी फुटसलच्या, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणींच्या फुटबॉलच्या, संघाची निवड होती. चपळाईची चाचणी. सरळ धावायचं, शंकूंमधून नागमोडी वळत जायचं, तसंच परत यायचं, तेही साडेसोळा सेकंदांच्या आत. संधी दोन. जी निवडली जाईल तिला क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, शिक्षण. म्हणजे भिंगरी निवडली गेली की लग्न टळलं. म्हणूनच भाऊजी मायलेकींबरोबर जातीने हॉलवर आले होते.

प्रशिक्षक मॅडमची मदतनीस आजारी पडली होती. शंकूला कुणाचा पाय लागतो का, हे मॅडमना स्वतः बघायचं होतं. त्यांनी सेकंद मोजायचं बटणाचं घड्याळ भिंगरीच्या आईच्या हातात दिलं. "तुम्ही भट्टीवर सेकंद मोजून पाव काढता. तुमच्यावर भरवसा आहे."

मॅडम लांब गेल्या तसे भाऊजी कानाशी आले. "अंगठा जरा दमाने दाबा, वहिनी. पोरगी मार्गी लागेल. तुमचंही छप्पर टिकेल."

भिंगरी सुटली. नाव कसं पडलं ते बघून घ्यावं! शंकूपाशी पाय घासला न घासला की ती दुसरीकडे वळलेली. तिने रेघ ओलांडली, आणि आईचा अंगठा थांबला. मग दाबला गेला.

सतरा पूर्णांक तीन.

दुसऱ्यांदाही तसंच. सतरा पूर्णांक एक.

"शक्यच नाही!" भिंगरी ओरडली. "सरावात मी कध्धी सतरावर गेले नाही!"

भाऊजी हसले. "मी सांगत होतो ना मॅडम, वळण नाही तिला."

"काका, इथे वळायचीच परीक्षा असते," मॅडम चिडून म्हणाल्या. "हिच्यासारखं वळणारी या हॉलमध्ये एक नाही." पण आकडा तो आकडा. त्यांनी यादीत 'अपात्र' लिहिलं.

भिंगरी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. "माझेच पाय जड झाले असणार," ती पुटपुटली आणि स्वतःच्या पोटरीवर तिने रागाने गुद्दा मारला.

आईने ते पाहिलं आणि ती तडक मॅडमपाशी गेली.

"मॅडम, खोडा ते! तिचे पाय नाही, माझा अंगठा जड झाला. दोन्ही वेळा मी मुद्दाम उशिरा दाबला."

भाऊजींचा चेहरा लालबुंद. "खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"मोजते! आज संध्याकाळी आमची पिशवी उचलते. तुम्ही आसरा दिलात भाऊजी, पोरगी विकत नाही घेतलीत. उद्या पाहुण्यांना तुम्हीच तोंड द्या."

"रस्त्यावर याल दोघी!"

"येऊ."

भाऊजी दार आपटून गेले. मॅडमनी यादीतली ओळ खोडली आणि आणखी एक संधी दिली. शंकूंपाशी गेल्या वर्षीच्या संघाची कर्णधार उभी राहिली. आईने घड्याळ पुढे केलं, तशी भिंगरी तिच्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तुम्ही धरा. आईकडे नको."

आईने घड्याळ मॅडमच्या हातात दिलं.

सोळा पूर्णांक एक! पोरींनी नुसता गलका केला. मॅडमनी भिंगरीला उचलूनच घेतलं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने टाळ्यांसाठी हात वर नेले आणि तसेच खाली आणले.

गर्दी पांगल्यावर भिंगरी बॅग घेऊन समोर आली.

"काकांनी सांगितलं म्हणून केलंस?"

"हो."

"किती वेळा सांगावं लागलं त्यांना?"

आईने पोरीच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलायची तिची आता हिंमत नव्हती.

"एकदाच," ती म्हणाली.